तुरीच्या मुळावरचे मोती

दोन्ही खुणा एकाच गुणसूत्रावर, एकमेकींना खेटून बसल्या होत्या. राजकन्यानं तपासणी पुन्हा लावली. पुन्हा तेच. नमुना तिच्या स्वतःच्या बापाच्या रानातला होता, निलंग्याजवळच्या गावातला.

ही जोडी रानात सापडायलाच नको होती. तुरीच्या मुळात एक सूत्रकृमी राहतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. त्याच्या माद्या मोत्यांसारख्या पांढऱ्या फुगतात, पोटात अंडी घेऊन मुळावरच मरतात, आणि ती अंडी कोरड्या ठक्क मातीतही वर्षानुवर्षं जगतात. लोह्याकडच्या किड्यात एक जनुकीय खूण होती, बिलोलीकडच्या किड्यात दुसरी. नांदेडच्या प्रयोगशाळेत राजकन्यानं आणि महांतेश सरांनी त्या दोघांचा संकर केला, पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्या, कुठली खूण गुणसूत्रावर कुठं बसते त्याचा नकाशा काढला. या खटाटोपात कोपऱ्यातल्या एका कुंडीत दोन्ही खुणा जुळलेला किडा निघाला. आणि निघाला तो भलताच. तुरीचं एकही वाण त्याच्यापुढं तग धरेना. जन्माला घातला तो यांनीच, तेव्हा त्याला कुंडीबाहेर जाऊ द्यायचं नाही हेही यांनाच बघायचं होतं.

त्यात राजकन्या तर भारी कडक. वापरलेली माती भट्टीत भाजल्याशिवाय बाहेर नाही, चपला धुतल्याशिवाय पाऊल बाहेर नाही. झाडणाऱ्या बाईपासून सरांपर्यंत सगळे तिला टरकून असायचे. तरी तो किडा थेट तिच्या गावाला पोचला. आता बोला.

पोळ्यानंतर व्यंकटराव, तिचे वडील, पिवळी पडलेली रोपं पिशवीत घालून एसटीनं आले होते. बांधाकडचा पट्टा खुरटला होता. पाणी लागलं असंल, म्हणत होते. मुळं धुतल्यावर पांढरे दाणे दिसले तेव्हा म्हातारा हरखलाच. चांगल्या पिकाच्या मुळांवर गाठी धरतात, तशाच या गाठी असतील असं त्याला वाटलं. राजकन्या मात्र तेव्हापासून नीट जेवली नव्हती.

महांतेश सरांनी निकाल दोनदा बघितला. मग चष्मा पुसत हळू आवाजात म्हणाले, "राजकन्या, हा चालत गेलेला नाही. कुणीतरी नेलाय. तुमच्या गावाकडचं इथं कोण येतं?"

कुणी येत नाही, असं ती तटकन म्हणाली. तिला राग आला, अपमानही वाटला. माती चाळणाऱ्या गड्यावर तिचा मनातून संशय गेला. पण चोर नंतर शोधता आला असता, आधी रान आवरायला हवं होतं. त्या पट्ट्यातला चिखल औताला, बैलाच्या खुराला लागून शेजारी गेला, तर सगळं गाव तुरीला मुकणार होतं. आणि त्या गावात तुरीशिवाय दुसरं काय होतं? तिनं घरी फोन लावला.

फोन आईनं उचलला. बांधाकडं कुणी बाहेरचं काही टाकलं का, रोपं, खत, माती, असं राजकन्यानं दरडावूनच विचारलं. बाहेरची कशाची, तुझीच तर होती, असं रुक्मिणबाई सहज म्हणाली. आणि मग सगळं सांगत सुटली. मागच्या साली नवरात्राच्या तोंडावर ती डोळे दाखवायला नांदेडला आली होती. लेकीनं मोठ्या हौसेनं कामाची जागा दाखवायला आत नेलं होतं. तेवढ्यात लेकीला कुणाचा तरी फोन आला आणि ती बाजूला गेली. तिथं काळीभोर माती पिठासारखी चाळून ठेवली होती. लेकीच्या हातची माती म्हणून रुक्मिणबाईनं ती पदरात बांधून घेतली, घट तिच्यातच बसवला, आणि दसऱ्यानंतर रीतीप्रमाणं घटाची माती आपल्या रानात, बांधाशी नेऊन टाकली.

भट्टीत जायची होती ती माती. आईला आत नेणारी राजकन्याच होती, दुसरं कुणी नव्हतं. सरांना काय तोंड दाखवायचं, हे तिला कळेना. पण जीव चाचपडत सावरू लागला. एक पट्टाच तर आहे. रोपं उपटून जाळू. तिथं कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही, वर्षानुवर्षं नुसती ज्वारी पेरू, तिला हा किडा लागत नाही. आपलं रान गेलं तर गेलं, गाव तरी वाचेल.

"माय, सगळी टाकलीस का गं ती माती?"

"न्हाई. अर्धी ठिवली होती की राखून. लई जीव हाय बघ त्या मातीत, मागच्या साली घट कसा तरारून आलता. औंदा गल्लीतल्या समद्या बायांनी मूठ मूठ मागून नेली, आपापल्या घटाला. परवा घट उठले, गेली आसंल आता ज्याच्या त्याच्या रानात."

रुक्मिणबाई कौतुकानं हसली.

"आपल्या बी पोरी राजकन्यावानी निघाव्या म्हणून नेली, बाई."