भोपळ्याची कोळंबी

सोनूबाईची नजर वेणूच्या ताटावरून हलेना. हंसाने पोरीच्या तोंडात पहिला घास दिला तो इतक्या घाईने की रस्सा पोरीच्या हनुवटीवरून ओघळला. तिने तो पदराने चटकन पुसला.

"खाल्लं काय पोरीने?" सोनूबाईने विचारलं.

"खाल्लं, आय."

सासू उठून बाहेर ओट्यावर गेली. हंसाने श्वास सोडला. घास कोळंबीचा नव्हता, लाल भोपळ्याचा होता. विळीवर वाकड्या फाका कापून तिने त्या नारळाच्या रसात हळद घालून शिजवल्या होत्या. मिरचीचं नाव नाही. दुरून पाहणाऱ्याला कोळंबीच वाटावी.

नारळी पुनवेचा दिवस होता. वाढवणच्या होड्या सकाळीच समुद्राला नारळ देऊन मुहूर्ताच्या फेरीला गेल्या होत्या. मशीन तेव्हा एखाद्याच्याच होडीला, बाकी सगळा भार शिडावर आणि देवावर. त्यातून या घराची एक जुनी रीत होती. मुहूर्ताची होडी पाण्यात असताना घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकराने कोळंबीचा घास खायचा. लेकराने तोंड फिरवलं तर समुद्र होडीकडे पाठ फिरवतो. लग्न होऊन आली त्या साली हंसाने हे सासूच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि ते तिला खरं वाटत होतं. खरं वाटत होतं हीच तर पंचाईत.

कारण वेणूला इसब होता. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत कातडी लाल व्हायची, पाझरायची. पोर झोपेत ओरबाडून रक्त काढायची. गेल्या साली याच पुनवेला तिने जन्मातली पहिली कोळंबी खाल्ली आणि अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. देवजी तेव्हा होडीवर होता; हंसानेच तिला उचलून डहाणूला पळवलं म्हणून ती वाचली. डॉक्टरने बजावलं, कोळंबी हिच्या तोंडाला लावायची नाही, पुढच्या वेळी इथवर पोचेलच असं नाही. त्या दिवशी सोनूबाई पोरीजवळ फिरकलीसुद्धा नाही. ओट्यावर पाठ करून बसून राहिली. केवढं दगडाचं काळीज, असं हंसाला तेव्हा वाटलं होतं.

म्हणून यंदा हंसाने पोरीचा सण वेगळा रांधला. गुळाचा नारळीभात, वर घरचं साजूक तूप, आणि तो भोपळा. पोर खूश होती. पण सासूने या साली रीतीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, नुसती सकाळपासून चुलीभोवती घुटमळत होती, आणि त्याचीच हंसाला जास्त धास्ती वाटत होती. देवजीला तर तिने डॉक्टरचं बोलणं की भोपळा, काहीच सांगितलं नव्हतं. निघताना तो हसत म्हणाला होता, "पोरीला घास दे गं." नवऱ्याशी खोटं, सासूशी खोटं आणि समुद्राशीही खोटं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, हंसाच्या पाठी तीन होते.

उन्हं कलली तसा वारा फिरला. आधी माडांच्या झावळ्या वाजायला लागल्या, मग समुद्रच काळवंडला. बाया किनाऱ्यावर गोळा झाल्या, हंसा आणि सोनूबाईही. एकेक होडी धडपडत येऊन वाळूला लागत होती. शेजारच्या मोरूची आली. तो भिजून चिंब झाला होता. हंसाने त्याला विचारलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "देवजी मागं होता. मग नाय दिसला."

हंसा वेणूला कडेवर घेऊन घराकडे धावत सुटली. तिच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. मीच मारलं त्याला. भोपळा देऊन मारलं. अजून होडी पाण्यात आहे, अजून वेळ आहे. एक घास. एवढासा. डॉक्टर काय, घाबरवायलाही बोलतो.

चुलीवर मोठ्यांसाठी केलेलं कोळंबीचं भुजणं होतं. तिने झाकण ढकललं, एक कोळंबी काढली, तिचा अर्धा तुकडा केला आणि वेणूला मांडीवर ओढलं.

"आ कर, बाय माझी."

वेणूने लगेच आ केला. आई देते ते खायचं, एवढंच तिला ठाऊक.

मागून कुणीतरी हंसाचं मनगट धरलं. इतकं जोरात की बांगडी फुटली आणि तुकडा चुलीच्या राखेत पडला. सोनूबाई होती. म्हातारीला धाप लागली होती. किनाऱ्यापासून ती सुनेच्या मागे पळत आली होती.

"आय, सोडा!" हंसा रडत ओरडली. "मी खोटा घास दिला पोरीला! भोपळा दिला! म्हणून होडी नाय आली!"

"कोळंबी विकण्यात माझा जन्म गेला. भोपळा ओळखत नाय काय मी? गेल्या साली अडवायची हिंमत झाली नाय, आता अडवते."

हंसाने हात सोडवायला हिसका दिला. सासूने तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं. बाहेर वारा छपरावरची कौलं हलवत होता, आणि किनाऱ्यावरून अजून कुणाची हाक आली नव्हती.

"मग आता होडीचं काय, आय? तुमचा लेक आहे तिच्यात."

"माझाच आहे." सोनूबाईने दुसऱ्या हाताने वेणूला उचलून आपल्या कडेवर घेतलं. "देवजीच्या आधी मला एक लेक होती, मंछी. अशीच कातडी, असंच खाजवायची. असाच वारा सुटला होता, नि मी घाबरून तिला खरा घास भरवला. त्या साली होडी सांजेला सुखरूप आली, हंसा, मासळीने भरून आली. मंछी दुपारीच गेली होती."