जाताना डावीकडं, येताना उजवीकडं

मोशीच्या रणजीतभाऊंनी माझ्याकडून जीप चार इंच उंच करून घेतली आणि आठवड्यात तणतणत परत आले. "प्रज्वल, अलाइनमेंट बिघडवलीस की राव! घरापाशी गाडी जाताना डावीकडं ओढती, येताना उजवीकडं."

चाकणच्या माझ्या गॅरेजात मशीनवर पाहिलं, तर पुढची दोन्ही चाकं सरळ. आणि चाकं वाकडी असली तर गाडी कायम एकाच बाजूला ओढते, जाता-येता बाजू बदलत नाही. शेवटी म्हटलं, तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो.

मोशीपर्यंत गाडी अगदी नाकासमोर चालली. त्यांचं घर जवळ आलं आणि स्टेअरिंग हळूच उजवीकडं कललं. तिकडं त्यांच्या धाकट्या भावाचा, अजिंक्यचा बंगला. वाटणी झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अजिंक्यनं तर रागाच्या भरात रस्त्याच्या कडेनं भिंतच घातलीय. पण उंच झालेल्या जीपमधून आता भिंतीपलीकडचा झोपाळा आणि त्यावर चहा पीत बसलेला अजिंक्य स्वच्छ दिसत होता.

"भाऊ, चाकं सरळ आहेत. तुमची मान वळतीय."

"कायतरीच काय बोलतो!" म्हणत त्यांनी पुन्हा तिकडं बघितलं.

 

दुसऱ्या दिवशी अजिंक्य स्वतःची जीप घेऊन हजर. "हिला पण उंच कर. जास्त नको, दादाची खिडकी आन् माझी खिडकी बरोबर समोरासमोर आली पायजे."