वाघानं धरलेला हात

“हिला जरा चालू द्या,” मेंदूचे डॉक्टर म्हणाले. सूनबाईनं मनवाला खाली सोडलं. माझी दोन वर्षांची नात निघाली ठुमकत. उजवा हात झुलत होता, डावा मात्र पोटाशी चिकटलेला. जणू बगलेत कोंबडी दाबलीय.

जन्मल्यावर तिला झटके आले होते, त्यामुळे सूनबाईचा जीव टांगणीला. मी आपली थाप ठोकली, “माझा डावा हात वाघानं धरला होता, डॉक्टर. तेव्हापासून घराण्यातच...”

“आबा, इथं तरी पुरे!” सूनबाई रडवेली झाली.

डॉक्टर मात्र माझ्याकडे वळले. “आजोबा, तुम्ही चाला बरं.”

मी ऐटीत निघालो, मनवा मागोमाग. दोघांचेही डावे हात पोटाशी!

दोघांना तपासून डॉक्टर म्हणाले, “पोरगी ठणठणीत आहे, तुमची नक्कल करतेय. औषध तुम्हाला. हात असा न झुलणं ही कंपवाताची सुरुवात दिसतेय.” सूनबाईनं आधी तिचा मुका घेतला, मग माझा हात धरला.

आता सकाळी आम्ही दोघं हात झुलवत फिरतो. तिचा सुटला, माझा अजून अडतो, म्हणून मीच तिची नक्कल करतो. शेजारी विचारतात, तेव्हा सांगतो, “वाघ सोडतोय हळूहळू.”