जाड सोलची जोडी

रविवारी रुतिकाची पहिली कार रेस होती. वाशीच्या दुकानात ती एकेक बूट घालायची, टाच टेकवून पायाचा पुढचा भाग दाबून बघायची आणि परत द्यायची.

"याचा सोल जाड आहे. क्लच किती दाबलाय ते पायाला कळणारच नाही. आणि हा रुंद, ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटर पण दाबला जाईल."

शेजारी तिच्या सासूबाई, दमयंतीबाई, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. रेसचं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आपल्या करावे गावात सुना गाड्या पळवत नाय." आज त्या सोबत का आल्या, रुतिकाला कळेना.

शेवटी पातळ सोलचा, घट्ट बसणारा बूट मिळाला. ती बिलासाठी उठली.

"थांब गं. भाऊ, मला पन एक जोडी दाखव. चांगली जाड सोलची."

"आई, तुम्हाला कशाला?"

दमयंतीबाईंनी उजव्या पायातली चप्पल काढून उलटी धरली. "गाडीत तुझ्या बाजूला बसून ब्रेक मारून मारून ही झिजली. रविवारी तर बाहेर उभं राहून मारायचेत."