चार नंबरचं बोलावणं

दारातल्या बुटांना अडखळून प्रेरणा पडता पडता वाचली. लोखंडी टोकाचे, कंपनीचे बूट. तोंडं रस्त्याकडे करून ठेवलेले.

"लागलं का, मॅडम? या, आत या. मला उंबऱ्याभाईर येता येत न्हाई, इद्दत हाय," मुमताज आतूनच म्हणाली.

नवरा गेल्यावर बाईनं काही महिने घरातच काढायचे, परक्या बाप्यांसमोर जायचं नाही, ती इद्दत. म्हणून तर कंपनीनं आंबी गावातल्या या घरी बाईमाणूस धाडलं होतं.

प्रेरणा पाणी प्यायली. कंपनीचा फोन समोरच फळीवर होता, चार्जिंगला लावलेला. तोच न्यायला ती आली होती.

कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रत्येक प्रेसला आता सेन्सर बसवले होते. मशीन जास्त थरथरलं, तापलं, की फिटरचा फोन वाजायचा. फिटरनं त्यावरचं 'बघतो' दाबलं की झालं. नाही दाबलं तर निरोप दुसऱ्या फिटरकडे जायचा. ही सगळी मांडणी प्रेरणाची. पुण्याच्या ऑफिसात तिचं कोण कौतुक झालं होतं! चार नंबरच्या प्रेसला सगळ्यात झटपट उत्तर मिळतं, हे पडद्यावर बघून साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तर देणारा फिटर, मुमताजचा नवरा फकरुद्दीनचाचा, कधीच मातीआड गेलेत, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. माणूस गेला की हजेरीतून नाव काढायला कंपनी कधी विसरत नाही हो. या फोनमधून काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही. प्रेरणालाही नाही.

"चाची, हा फोन वाजतो तेव्हा कोण बघतं?"

"मीच की." त्यात लपवायचं काय, अशा आवाजात मुमताज म्हणाली. "वाजला की 'बघतो' दाबते. हे तेच करायचे. ताटावर असले तरी आधी ते दाबायचे, मग हात धुवायचे. तवर मी बूट रस्त्याकडं वळवून ठिवायची."

"पण चाची, आता कशाला दाबायचं?"

मुमताजनं पदर डोक्यावर नीट ओढला. "बाकीचे समदे फोन रडायचे येत्यात, मॅडम. कसं झालं, काय झालं, लय वाईट झालं. हा येकच फोन यांना कामावर बोलवतो. माणूस हाय म्हणूनच बोलावणं येतं ना? मी न्हाई दाबलं, तर त्या मशीनलाबी कळंल की हे गेले."

 फोन घ्यायचा, चार शब्द बोलायचे आणि निघायचं, असं ठरवून प्रेरणा आली होती. कालचं काही सांगायचं नाही, हेही ठरवलं होतं.

"मी दाबल्यावर जातं ना पण कुणीतरी मशीनकडं?" मुमताजनं विचारलं.

प्रेरणा खोटं बोलली असती तर पुण्यच लागलं असतं. पण तेवढं तिला साधलं नाही.

"कुणीच जात नव्हतं, चाची. चाचा बघतायत, असंच सगळ्यांना वाटायचं. काल चार नंबर अडकली. गोरख चालवत होता. हाताला लागलंय त्याच्या."

"आपला गोरख?"

"तळेगावला दवाखान्यात आहे. हात वाचलाय."

"या अल्ला!" मुमताज मटकन खालीच बसली. "खांदा दिला वो त्यानं यांना. कबरस्तानापत्तोर दुसऱ्याला घिऊ देईना. आन मी त्याचाच हात..."

"चूक माझी आहे, चाची. चाचांचा नंबर मी काढायला हवा होता."

ते खरंच होतं. पण त्यानं दोघींपैकी कुणालाच हलकं वाटलं नाही.

तेवढ्यात फळीवरचा फोन कर्कश वाजायला लागला. सकाळी दुरुस्त करून चालू केलेली चार नंबर पुन्हा तक्रार करत होती. मुमताज सवयीनं ताडकन उठली. बोट 'बघतो'पाशी नेलं आणि तिथंच थांबवलं. मग तिनं तो हात दुसऱ्या हातात घट्ट धरला, पोटाशी आवळून घेतला.

फोन वाजत राहिला. प्रेरणाही जागची हलली नाही. शेवटी तो आपोआप थांबला.

"कुटं गेलं आता?"

"दुसऱ्या फिटरकडे, बजरंगकडे. निघाला असेल तो."

मुमताजनं मान हलवली. "मग कळलं मशीनला," ती म्हणाली आणि रडायला लागली. घरात माणसं जमली होती तेव्हाही ती इतकी रडली नसेल. प्रेरणा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिली.

बऱ्याच वेळानं मुमताजनं डोळे पुसले. चार्जरची पिन काढली, पदरानं फोनची काच पुसली आणि तो प्रेरणाच्या हातात ठेवला.

"ते बूटबी कंपनीचंच हायेत, मॅडम."

"राहू द्या ते, चाची."

प्रेरणा बाहेर पडली. रस्त्यावर जाऊन तिनं मागं वळून पाहिलं. मुमताज उंबऱ्याच्या आतच वाकली होती. तिनं एकेक बूट उचलला, त्याचं तोंड घराकडे फिरवलं, आणि दार लोटून घेतलं.