दोनशे बिया

एकशे त्रेसष्टाव्या गोळीला पिस्तूल अडकलं.

ओपलनं ते खाली ठेवलं आणि कानांतले बोळे काढले. नेमबाजीच्या रेंजवर काचेअलीकडे बाकावर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, डेलबर्टनं, मांडीवरच्या डब्यातल्या घेवड्याच्या बिया परत पिशवीत ओतल्या. झाडलेल्या दर गोळीला डब्यात एक बी, ही त्याची मोजणी. गोळी अडकली की मोजणी पहिल्यापासून.

"नवं आहे ना, कडक आहे अजून," बाहेर येत ओपल म्हणाली.

नियम डेलबर्टचाच होता. जवळ बाळगायचं पिस्तूल आधी न अडकता ओळीनं दोनशे गोळ्या झाडून दाखवेल, मगच त्याच्यावर भरवसा टाकायचा. शेरीफच्या खात्यात तीस वर्षं त्यानं पोरांना हेच शिकवलं. पुस्तकातलं नव्हे, सोसलेलं. त्याचा जोडीदार क्लीट कोरं पिस्तूल खोक्यातून काढून थेट कामावर घेऊन आला होता. दुसरीच गोळी अडकली, आणि क्लीटचा देह घरी न्यायचं काम डेलबर्टवर आलं.

हे तळहाताएवढं पिस्तूल तुझ्या पर्ससाठी घेतलंय, असं त्यानं ओपलला सांगितलं होतं. ती थाप होती. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी कर्टिस पेल तुरुंगातून सुटणार होता.

सहा वर्षांपूर्वी दारू ढोसून पेलनं ट्रक उलट्या बाजूनं हाणला. समोरून ओपल-डेलबर्टची एकुलती एक लेक, जोडी नावाची, गाडीनं येत होती, दवाखान्यातली कामाची पाळी संपवून. ती जागीच गेली, सव्वीस वर्षांची. त्या हिवाळ्यात ओपलनं घरातली सगळी हत्यारं उचलून आपल्या भावाकडे ठेवली. डेलबर्टनं ती नेऊ दिली. तेव्हा त्याचा स्वतःवरच भरवसा नव्हता.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तुरुंगाची गाडी पेलला फाट्यावरच्या पेट्रोल पंपावर सोडणार, तिथून त्याचा भाऊ त्याला अलास्काला नेणार. एकच सकाळ हातात होती. डेलबर्टचा उजवा खांदा उघडून शिवलेला, हात झोळीत. पण हातभर अंतरावरून डावा हात पुरे होता. रेंजचा मालक हॉइट मात्र झोळीतला हात घेऊन कुणालाही गोळी झाडू देत नसे, म्हणून दोनशेची जबाबदारी ओपलवर.

"ओपलबाई, मनगट ढिलं पडतंय तुमचं," हॉइट म्हणाला. "एवढंसं पिस्तूल, त्याला पकड घट्ट लागते. नाहीतर ते पुढची गोळी आत घेतच नाही."

ओपलनं बोटं पुढे केली. "सांधे धरलेत रे बाबा. वय कुणाला चुकलंय?"

डेलबर्टला तिची कीव आली. आपण या म्हातारीला कशात ओढतोय, असंही वाटून गेलं. दुपारी घरी तिनं पीचच्या बरणीचं झाकण फिरवून उघडलं आणि बरणी त्याच्यापुढे सरकवली. एका हातानं त्याला ते जमत नसे.

दुसऱ्या शनिवारी एकशे अठ्ठ्याऐंशी. त्यानं महागाच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या शनिवारी एकशे एकाहत्तर. चौथ्या शनिवारी एकशे चौऱ्याण्णव, आणि डेलबर्टनं कपाळाला हात लावला.

"पुढच्या शनिवारी होईल," ओपल शेजारी बसत म्हणाली.

"पुढचा शनिवार काय चाटायचाय?"

"घाई कशाची आहे तुला?"

"कशाची नाही."

बुधवारी त्यानंच तिला पुन्हा रेंजवर नेलं. एकशे सत्त्याण्णवाव्या गोळीला पिस्तूल अडकलं. पिशवीत तीन बिया उरल्या होत्या.

गुरुवारी उजाडताच तो गाडीची किल्ली आणि पिस्तूल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. तीनच तर उरल्या होत्या, असं तो मनाला समजावत होता. पण डोळ्यांपुढे क्लीट येत होता. ऐन वेळी अडकलं तर पेल अलास्कात आणि आपण तुरुंगात. तेलही गेलं, तूपही गेलं.

ओपल चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं टेबलावर दोन बशा मांडल्या. पूर्वी तीन मांडायची.

त्यानं पिस्तूल खणात टाकलं आणि खुर्चीत बसला. नऊ वाजेपर्यंत ओपलची नजर घड्याळावर होती. तिलाही जोडी आठवत असणार, असं त्याला वाटलं. नऊ वाजले, सव्वानऊ झाले, आणि डेलबर्टला रडू आवरेना.

"पोरीसाठी माझ्या हातून एवढंही झालं नाही," तो म्हणाला.

एवढंही म्हणजे काय, ते ओपलनं विचारलं नाही. तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं, बराच वेळ. मग म्हणाली, "खाऊन घे. गार होतंय."

शनिवारी तिनंच बियांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि गाडी काढली. आता कशाला, असं तो दोनदा म्हणाला. ती गाडी चालवत राहिली.

तो बाकावर बसला आणि सवयीनं बिया टाकू लागला. शंभर झाल्या. दीडशे झाल्या. एकशे सत्त्याण्णवाला त्याचा हात थांबला, पण आवाज थांबले नाहीत. पिशवी रिकामी झाली. समोरच्या निशाणाच्या कागदाच्या मधोमध कपाच्या बुडाएवढं एकच भोक होतं.

हॉइट आपलं काम सोडून काचेपाशी येऊन उभा राहिला होता. डेलबर्टनं बोटानं काचेवर टकटक केलं, दोनशे झाल्या म्हणून.

ओपलनं वळून पाहिलं नाही. तिनं गोळ्यांनी भरलेलं आणखी एक मॅगझिन पिस्तुलात चढवलं, उजवा हात पाठीमागे घेतला आणि एकट्या डाव्या हातानं, मनगट तसूभरही न हलवता, ते सगळं रिकामं केलं.