मास्तरांचा इशारा

“मास्तर, आज नुसते मुलीचे बाप म्हणून उभे राहा,” ड्रमवाले रज्जाकभाई म्हणाले. पण वैजूची पाठवणी दुसऱ्या कोणी वाजवावी, हे हणमंतमास्तरांना पटेना. त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली.

त्यांच्या बँडची एक रीत होती. पाठवणीचं गाणं आधी संथ, काळीज हलवणारं वाजायचं. गाडी हलली, की मास्तर उजवा हात वर करायचे आणि तेच गाणं दुप्पट लयीत धावायचं. “पोरीच्या कानात माहेरचं रडणं राहू नये,” असं ते म्हणत.

आज गाडी हलली, पण मास्तरांची बोटं क्लॅरिनेटवरून सुटेनात. ते तीच संथ ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. रज्जाकभाई काठ्या उगारून त्यांच्याकडे बघत उभे.

तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून हिरव्या चुड्याचा हात बाहेर आला आणि थेट मास्तरांच्या ऐटीत वर झाला. ड्रम कडाडला, गाणं उसळलं, डोळे पुसता पुसता माणसं नाचायला लागली.

क्लॅरिनेट काखेत धरून मास्तरांनी लांब जाणाऱ्या त्या हातापुढे हात जोडले. इतकी वर्षं मुलींचे बाप आपल्यापुढे हात का जोडायचे, ते त्यांना आज उमगलं.